छोट्या बोर्डावरचा बिटकॉइन नोड

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर बिटकॉइनचा नोड बसवणारी आमच्या धुळ्याची पोरं सिंक रेंगाळलं की आधी इंटरनेटला दोष देतात. ३ जानेवारी २००९ पासूनचा सगळा इतिहास, सहाशे जीबीहून जास्त, उतरवायचा असतो हे खरं. पण एवढासा बोर्ड थकतो तो पडताळणीने. व्यवहारात खर्च होणारं प्रत्येक नाणं खरंच होतं का, ते आधीच खर्च झालेलं नाही ना, हे शिल्लक नाण्यांच्या यादीत शोधावं लागतं. ही यादीच आज दहा जीबीच्या पुढे गेली आहे आणि नोंदी तिच्यात विखुरलेल्या असतात. मेमरी कार्ड किंवा जुनी हार्ड डिस्क इथेच मान टाकते. म्हणून पैसे घालायचे ते आधी एसएसडीत, तीही यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टला जोडून.

दुसरा उपाय फुकटचा. नोडचा प्रोग्राम, बिटकॉइन कोअर, या यादीसाठी वर्षानुवर्षं ४५० एमबी रॅम धरत आलं. ८ जीबीच्या बोर्डावर ही मर्यादा ठरवणारं डीबीकॅश सेटिंग ४००० करा. आत्ता जन्मलेलं नाणं थोड्या ब्लॉकांत खर्च झालं, तर त्याचा हिशेब रॅममध्येच मिटतो, डिस्कपर्यंत जावं लागत नाही. मात्र रॅममधलं डिस्कवर उतरण्याआधी लाइट गेली, तर तेवढी पडताळणी पुन्हा करावी लागते. आपल्याकडे उन्हाळ्यात हे व्हायचंच, तेव्हा बोर्ड आणि एसएसडी दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. पंखाही लावा. चिप ८० अंशांच्या पुढे गेली की आपला वेग आपणच कमी करते, आणि मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकलेली असते.

घाई झालेला माणूस मग मित्राच्या नोडवरून तयार यादीसकट सगळा डेटा उचलून आणतो. याला माझा ठाम विरोध आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून मूळ कागद जमवले, बावीस खंड छापले आणि १९२६ साली इथे धुळ्यातच देह ठेवला. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ जिथे आहे, तिथे तरी दुसऱ्याने तपासलेलं आपण तपासलं असं समजू नये. स्वतःचा नोड चालवायचा तो त्यासाठीच.

कोअरमध्ये दोन सवलती आहेत, त्या मला मान्य आहेत. एका ठरलेल्या ब्लॉकपर्यंतच्या व्यवहारांवरच्या जुन्या सह्या ते तपासत नाही. नाण्यांचा हिशेब मात्र पहिल्यापासून लावतं. ऑक्टोबर २०२४ च्या २८ व्या आवृत्तीपासून ८,४०,००० व्या ब्लॉकपाशी गोठवलेली यादीही आत घेता येते. तिचा हॅश प्रोग्राममध्येच लिहिलेला असतो, तो जुळला तरच ती स्वीकारली जाते, आणि मागच्या मागे पहिल्या ब्लॉकपासूनची तपासणी चालू राहते.

मित्राची मदत घ्यायचीच तर त्याचा नोड आपल्या राउटरला जोडा आणि ॲडनोडमध्ये त्याचा पत्ता द्या. ब्लॉक घरातल्या घरात वेगाने येतील, तपासेल मात्र तुमचाच बोर्ड. सिंक पूर्ण झालं की डीबीकॅश पुन्हा खाली आणा. रोजच्या कामाला एवढी रॅम लागत नाही.