शरीराची सरतपासणी

वकिलीच्या व्यवसायात वीस वर्षे काढल्यावर माणसाच्या अंगी दोन गोष्टी हटकून येतात. एक म्हणजे वाकलेली पाठ, आणि दुसरी, कोणतेही विधान ऐकताच त्याला पुरावा काय असे विचारण्याची खोड. पहिलीच्या निवारणार्थ आम्ही बडोद्यातील एका योगवर्गास जाऊ लागलो आणि पुढे तेथील आचार्यांच्या आग्रहावरून योगशिक्षकाचे शिक्षणही घेतले. आमची दुसरी खोड तेथे उपयोगी पडेल, असे मात्र आमच्या स्वप्नीही नव्हते.

शिक्षक होणे म्हणजे अधिक कठीण आसने शिकणे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्या सहा महिन्यांत नवे आसन आम्हांस क्वचितच शिकवले गेले. पाठाची आखणी कशी करावी, काचबिंदू असलेल्यास शीर्षासन का देऊ नये, सांधे कोणत्या दिशेने वळतात, या गोष्टी होत्याच. परंतु अधिक वेळ गेला तो नुसते पाहण्यात. समोरचा मनुष्य हात वर नेताना खांदा कानाकडे चढवतो काय, उभा असता त्याचा भार टाचांवर पडतो की चवड्यांवर, वाकताना तो श्वास कोंडून धरतो काय, हे सारे टिपावयाचे. आणि पाहून झाले की विचारावयाचे. या विचारण्याच्या रीतीवरच आचार्यांचा सर्वांत अधिक कटाक्ष असे.

सरावाचे पाठ आम्ही देवळाच्या सभामंडपात घेत असू व समाजातील वडीलधारी मंडळी हौसेने येत. एके सकाळी आमच्या एका सहाध्यायाने सत्तरीच्या एका काकूंना मांडी घालून बसवले आणि विचारले, "काकू, आता गुडघ्यांना बरं वाटतंय ना?" काकू लगबगीने म्हणाल्या, "हो हो, छान वाटतंय." आचार्य दुरून पाहत होते. त्यांनी काही न बोलता काकूंच्या पायांकडे बोट केले. अंगठे आवळलेले, श्वास अडखळलेला, एक हात जमिनीवर घट्ट रोवलेला. मग ते स्वतः काकूंजवळ येऊन बसले. "काकू, आत्ता कुठं काय जाणवतंय? तुमच्या शब्दांत सांगा. काही जाणवत नसेल तर तसंही सांगा." काकू क्षणभर गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "उजव्या गुडघ्यात आतल्या बाजूनं कळ येतेय. पण हा मुलगा एवढ्या प्रेमानं शिकवतोय, त्याला कसं सांगायचं?" तत्काळ खुर्ची आणण्यात आली.

आमच्या व्यवसायबंधूंनी मर्म ओळखलेच असेल. पहिला प्रश्न सूचक होता. हवे ते उत्तर त्याच्या पोटातच दडलेले होते. आपल्याच साक्षीदाराची सरतपासणी घेताना असा प्रश्न विचारू लागताच प्रतिपक्ष हरकत घेतो आणि न्यायालयाची अनुज्ञा नसेल तर तो विचारता येत नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी हा नियम कायम आहे. साक्षीदाराच्या तोंडी वकिलाने आपले शब्द घालू नयेत, एवढाच त्याचा अर्थ. योगवर्गात शरीर हाच साक्षीदार असतो, आणि तेथे हरकत घेण्यास प्रतिपक्ष नसतो. म्हणून ती हरकत शिक्षकाने स्वतःच स्वतःवर घ्यावयाची असते.

आपल्या समाजात तर ही दक्षता दुपटीने हवी. शिकवणाऱ्यासमोर 'दुखते' म्हणणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते. ही आदरबुद्धी आपले धन आहे, यात शंका नाही. पण गुडघ्याच्या कूर्चेस तिची भाषा कळत नाही. भिडेखातर दिलेला होकार तिला झिजवतोच.

असे खोदून विचारणे श्रद्धेस बाधक आहे, असे कोणी म्हणेल. त्यांनी स्वामी कुवलयानंदांचे चरित्र आठवावे. १८८३ साली बडोदे संस्थानातील डभोई येथे जन्मलेल्या जगन्नाथ गणेश गुणे यांनी बडोद्यात माणिकरावांजवळ व्यायामाचे शिक्षण घेतले आणि नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजींकडून योगाची दीक्षा घेतली. त्यांची गुरुनिष्ठा सर्वश्रुत आहे. तरीही उड्डियान व नौली करताना पोटात नेमके काय घडते, हे पाहण्यासाठी १९२० च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांचे साहाय्य घेतले. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना करून हे संशोधन त्यांनी 'योगमीमांसा' या नियतकालिकातून जगापुढे मांडले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबाहून कमी होतो, असे त्यांनी यंत्राने मोजून दाखवले आणि त्या निर्वाताला नाव दिले ते आपल्या गुरूंचे. पुरावा मागितल्याने निष्ठा उणावत नाही, याला याहून मोठा दाखला कोणता?

पतंजलींनी आसनाची दोनच लक्षणे सांगितली आहेत, स्थैर्य आणि सुख. स्थैर्य पाहणाऱ्यास दिसते. सुख मात्र बसणाऱ्यासच ठाऊक, आणि त्याच्या साक्षीवाचून ते सिद्ध होत नाही. म्हणजे आसन साधले की नाही, या वादाचा अर्धा निकाल शिष्याच्या मुखातून यावयाचा असतो.

आता रविवारी सकाळी त्याच सभामंडपात आम्ही एक लहानसा वर्ग चालवतो. प्रश्न विचारावा आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहावे, हा आमचा शिरस्ता. न्यायालयात ज्या शांततेची वकिलास धास्ती वाटते, तीच येथे सर्वांत बोलकी ठरते. वाचकांपैकी जे अशा वर्गास जात असतील त्यांना एवढीच विनंती की, शिक्षकाने विचारले असता जे जाणवते तेच सांगावे. त्याने विचारले नाही, तरीही सांगावे. ते ऐकून ज्याच्या कपाळी आठी पडेल, त्याच्या हाती आपले गुडघे देऊ नयेत.