मेणवली ऊर्फ चरणपूर

सिनेमावाल्यांनी गावांची सोंगे पुष्कळ घडवली आहेत, पण वाईजवळच्या मेणवलीइतकी सोंगे क्वचितच कुणी घेतली असतील. १९९७ च्या 'मृत्युदंड'मध्ये प्रकाश झांनी हे गाव बिहारात नेले. २००४ साली आशुतोष गोवारीकरांनी 'स्वदेस'साठी त्याचे चरणपूर केले आणि उत्तर प्रदेशात नेऊन ठेवले. कृष्णामाई मात्र आहे तिथेच आहे!

आम्ही बारामतीकर कऱ्हाकाठची माणसे. आमच्याकडे मोरोपंत होऊन गेले, त्याच काळात इकडे कृष्णाकाठी नाना फडणविसांनी मेणवली वसवली. औंधचे भवानराव प्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ मंत्री यांनी १७६८ साली हे गाव नानांना दिले. सहा चौकांचा वाडा, भिंतींवरची चित्रे, मागच्या दाराने नदीवर उतरणारा घाट, मेणेश्वराचे आणि विष्णूचे देऊळ, सारे ऐसपैस, पण कुठे भपका नाही. हिशेबी माणसाचा वाडा हिशेबीच असायचा.

घाटावर आमच्या चिरंजीवांचा पहिला प्रश्न, "बाबा, शाहरुख खान कुठल्या पायरीवर बसला होता?" वाटाड्याला ते तोंडपाठ. मी मास्तरकीच्या सवयीने घंटेकडे वळलो. देवळापाशी टांगलेली ही भलीमोठी घंटा मूळची चर्चमधली. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत. वसईच्या १७३९ च्या मोहिमेत ती चिमाजी आप्पांच्या हाती लागली, असे सांगतात. म्हणजे मेणवलीत भूमिका बदलण्याची रीत सिनेमापेक्षा जुनी!

मग मुलांना जिऊबाईंची गोष्ट सांगितली. १८०० साली नाना गेले, तेव्हा त्यांची ही पत्नी अगदी कोवळ्या वयाची. पेशवाईची धूळधाण तिने पाहिली आणि पुढे याच वाड्यात दिवस काढले. पायऱ्यांवर हुंदडणारी आमची कन्या एकदम थांबली. "आणि तिच्याशी खेळायला कोण होतं?" तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही. वाड्यातल्या दप्तराचे कागद पुढे द. ब. पारसनिसांच्या हाती लागले आणि इतिहास उजेडात आला, पण असल्या प्रश्नांची नोंद दप्तरात कुठली असणार?

सिनेमाने इतिहासाचा बाजार मांडला, असे म्हणणारे आमच्या व्यवसायात पुष्कळ आहेत. मला तसे वाटत नाही. आमच्या इंदापूर तालुक्यात पळसदेवचे प्राचीन देऊळ उजनीच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरून ते वर आले, की माणसे धावत पाहायला जातात. एरवी कुणाला आठवण नसते. डोळ्यांना दिसल्यावाचून आठवायचे नाही, हा आपला स्वभावच. मेणवली पडद्यावर दिसली म्हणून तर शहरातली पोरे इथवर येतात. नटाच्या पायरीवर बसून झाले, की त्यांना वाड्यात नेणे हे आपले काम.

तेव्हा सुटीत वाईला गेलात, तर चार पावले पुढे मेणवलीला जा. मुलांना आधी पायरी दाखवा. जिऊबाईंबद्दल ती आपण होऊन विचारतील.