बदलीवाले

इथे इंदूरच्या आठवणी लिहिणारे बहुतेक सराफा, राजवाडा, गणपतीची झांकी यावर लिहितात, आणि छान लिहितात. मी आज इंदूरपासून फार लांबच्या गोष्टीवर लिहिणार आहे, पण वाचता वाचता ती आपल्या मिल एरियात येऊन पोचेल.

२०१५ साली मे महिन्यात मी आणि सौ. मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत कॅन्सस सिटीला गेलो. सहा महिन्यांचा मुक्काम. बॅगेत मेतकूट, डिंकाचे लाडू आणि जीरावणाची चार पाकिटं. जूनमध्ये नात झाली. सौ.ला कामच काम, मला काहीच नाही. नात रात्री जागायची आणि तिला खांद्यावर घेऊन बसायची ड्यूटी माझी. समोर टीव्हीवर बेसबॉल. गावची टीम म्हणजे कॅन्सस सिटी रॉयल्स. ती पश्चिमेकडे खेळायला गेली की सामना रात्री नऊला सुरू व्हायचा आणि मध्यरात्रीपर्यंत चालायचा. नातीच्या वेळेला अगदी सोयीचा.

घरात आणखी एक गोष्ट चालू होती. जावईबापूंची नोकरी मार्चमध्ये गेली होती. टेलिफोन क्षेत्रातली मोठी कंपनी, नाव लिहीत नाही. बारा वर्षं काम केलेला माणूस, एका सकाळी बोलावून खोक्यात सामान भरायला सांगितलं. मुलगी बाळंतपणाच्या रजेवर. घराचे हप्ते चालू. जावईबापू बोलायचे नाहीत. रात्री माझ्या शेजारी येऊन बसायचे आणि मला खेळ समजावून सांगायचे. आम्हा दोघांत बोलण्यासारखं तेवढंच होतं.

आता थोडा खेळ सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. बेसबॉलमध्ये नऊ इनिंग. चेंडू टाकणारा तो पिचर. सामना सुरू करणारा पिचर नव्वद-शंभर चेंडूंनंतर थकतो. शिवाय तेच बॅटर तिसऱ्यांदा समोर आले की त्यांना त्याच्या चेंडूचा अंदाज आलेला असतो. मग सहाव्या-सातव्या इनिंगनंतर दुसरे पिचर येतात, एकेका इनिंगसाठी, आणि एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. हे दुसरे पिचर मैदानाच्या कडेला एका कुंपणाआड बसलेले असतात. त्या जागेला बुलपेन म्हणतात. तिथे एक फोन असतो. फोन वाजला की सांगितलेला माणूस उठतो आणि हात गरम करायला लागतो. कधी वाजेल, कोणासाठी वाजेल, काही पत्ता नाही.

हे ऐकल्याबरोबर मी म्हणालो, "अहो, हे तर बदलीवाले!"

इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको, पण तरुणांसाठी सांगतो. कापड मिलमध्ये कायम कामगार वेगळे आणि बदली वेगळे. बदलीवाल्याने पाळीच्या आधी गेटवर हजर राहायचं. कायम माणूस आला नाही तर त्याच्या जागी आत. आला तर डबा घेऊन घरी. मी विशीत अडीच वर्षं बदलीवर होतो. भोंगा वाजायच्या आधी पोटात जो गोळा यायचा तो अजून आठवतो. त्या फोनकडे बघणारी माणसं टीव्हीवर दिसली की मला आमचं गेट दिसायचं.

जावईबापूंनी मग हिशेब सांगितला. रॉयल्स ही लहान गावाची टीम, मोठ्या शहरांइतका पैसा नाही. १९८५ नंतर थेट २०१४ मध्ये त्यांना मोसमानंतरच्या बाद फेरीत जागा मिळाली. तेव्हा ते अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात हरले. त्यांची ताकद होती बुलपेन. केल्विन हेरेरा, वेड डेव्हिस, ग्रेग हॉलंड हे तिघे सातवी, आठवी, नववी इनिंग बांधून ठेवायचे. पण वर्षाचे १६२ सामने तिघांवर निघत नाहीत. बाकीच्या जागा भरायच्या कशा?

त्याच हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या यांकीजनी अँड्र्यू मिलर नावाच्या एका बुलपेनवाल्याला चार वर्षांचे ३ कोटी ६० लाख डॉलर दिले. शिकागोच्या व्हाइट सॉक्सनी डेव्हिड रॉबर्टसनला ४ कोटी ६० लाख. रॉयल्सचे जनरल मॅनेजर डेटन मूर यांनी काय केलं, तर बाजारात ज्यांना कोणी विचारत नव्हतं त्यांना फोन केले. करार कसा, तर खालच्या लीगचा. फेब्रुवारीत ॲरिझोनातल्या सराव शिबिराला या, चेंडू टाकून दाखवा. पंचवीस जणांच्या मुख्य संघात आलात तर वरच्या लीगचा पगार, नाही तर राम राम. वरच्या लीगचा त्या वर्षीचा किमान पगार ५ लाख ७ हजार ५०० डॉलर. म्हणजे गरीब कोणी नव्हतं भिया, पण मिलरच्या तुलनेत किरकोळच.

यात डोकंही आहे. बुलपेनचा पिचर वर्षात साठ-सत्तर इनिंग टाकतो. एवढ्याशा कामात यंदा उत्तम दिसलेला पुढच्या वर्षी साधा ठरतो आणि साधा उत्तम. चार वर्षांचे पैसे बांधून घ्यायचे आणि माणसाचा कोपर दुसऱ्याच महिन्यात जायचा. त्यापेक्षा पाच-सहा जण स्वस्तात बोलवा, दोन लागले तरी जमलं.

त्या हिवाळ्यात आलेली माणसं बघा. रायन मॅडसन, वय ३४. २००८ साली फिलाडेल्फियाकडून अजिंक्यपद जिंकलेला. २०१२ मध्ये कोपराचं ऑपरेशन झालं आणि २०११ नंतर वरच्या लीगमध्ये एक चेंडू टाकला नव्हता. रॉयल्सचे जिम फ्रेगोसी ज्युनियर यांनी त्याला एका शाळकरी पिचरला चार गोष्टी शिकवायला बोलावलं आणि शिकवता शिकवता याचाच हात शाबूत असल्याचं दिसलं. जो ब्लँटन, आदल्या वर्षी खेळ सोडून घरी गेलेला. फ्रँकलिन मोरालेस, व्हेनेझुएलाचा डावखुरा, कोलोरॅडोत भरपूर मार खाल्लेला. आणि ख्रिस यंग, सहा फूट दहा इंच उंच, प्रिन्स्टनमध्ये शिकलेला. आदला मोसम चांगला जाऊनही मार्चपर्यंत त्याला कोणी घेतलं नव्हतं. त्याला मात्र थेट वरच्या संघाचा करार मिळाला, तोही थोडक्यात.

मी मॅडसनला "आपला माणूस" म्हणायला लागलो. कारण सांगतो. आमची मिल बंद पडली तेव्हा मी एक्केचाळीसचा होतो. कायम होऊन वीस वर्षं झालेली. देणी अडकली. पावणेतीन वर्षं मी घरी. खरं तर घरी नाही, कुठे दुकानाच्या वह्या लिही, कुठे रिक्षा चालव. रामबागेतली माणसं समोरून आली की मी गल्ली बदलायचो. मग पोलोग्राउंडकडच्या एका छोट्या कारखान्याच्या मालकाने बोलावलं. म्हणाला, "तीन महिने मशीनवर बघू, पगाराचं नंतर बोलू." मिलमध्ये मिळायचा त्याच्या निम्मा पगार. मी गेलो. सतरा वर्षं तिथे काढली, मुलीचं इंजिनियरिंग त्याच पगारातून झालं.

ऑगस्टमध्ये जावईबापूंना एक काम चालून आलं. सहा महिन्यांचं कंत्राट, पगार कमी, सुट्ट्या नाहीत, पद दोन पायऱ्या खालचं. मुलगी म्हणाली घ्या. ते म्हणाले, "बारा वर्षांनी टेंपररी? बाबा, तुम्हीच सांगा." मी उपदेश केला नाही. बदलीचं गेट, गल्ली बदलणं, निम्मा पगार, सगळं जसं झालं तसं सांगितलं. यातलं काहीच त्यांना माहीत नव्हतं. मुलीलाही रिक्षाचं माहीत नव्हतं. एवढंही सांगितलं की यात कोणी कोणावर दया करत नाही. जुलैत रॉयल्सनी जेसन फ्रेझर नावाच्या ३७ वर्षांच्या पिचरला काढलं, आकडे चांगले असतानाही. ब्लँटनलाही त्याच महिन्यात पिट्सबर्गला विकून टाकलं. स्वस्तात आलेल्या माणसाला सोडणंही स्वस्त पडतं. हे माहीत असूनच आत जायचं. मालक आपल्याला वापरून घेणार, मग आपणही ती जागा वापरून घ्यायची.

ते पुढच्या सोमवारी कामावर गेले.

मॅडसनने त्या मोसमात ६८ सामन्यांत चेंडू टाकले आणि दर नऊ इनिंगमागे सरासरी २.१३ धावा दिल्या. मोरालेस ६७ सामन्यांत. सप्टेंबरात हॉलंडचा कोपर गेला, तेव्हा याच माणसांवर भार आला. २३ ऑक्टोबरला टोरांटोविरुद्ध आठव्या इनिंगमध्ये मॅडसनच्या चेंडूवर होजे बटिस्टाने होमरन मारला आणि ३-१ ची आघाडी ३-३ झाली. जावईबापू उठून आत गेले. म्हणाले, "आता याला परत बोलावणार नाहीत." रॉयल्स तो सामना कसाबसा ४-३ ने जिंकले. आणि चारच दिवसांनी, न्यूयॉर्क मेट्सविरुद्धच्या अंतिम मालिकेत, मॅनेजर नेड योस्ट यांनी अकराव्या इनिंगला फोन केला तो मॅडसनसाठी. त्यानंतर ख्रिस यंगने तीन इनिंग टाकल्या. महिनाभरापूर्वी वडील गेले तेव्हा दुसऱ्याच दिवशी मैदानात उतरलेला तो माणूस. चौदा इनिंगचा सामना, पाच तासांच्या वर चालला, आणि विजयी पिचर म्हणून नाव लागलं यंगचं. ३१ तारखेच्या चौथ्या सामन्यात विजयी पिचर मॅडसन. १ नोव्हेंबरच्या रात्री रॉयल्स अजिंक्य. तीस वर्षांनी.

३ तारखेच्या मिरवणुकीला शाळा बंद होत्या. लोक म्हणत ८ लाख माणूस जमलं, गावाच्या लोकसंख्येहून जास्त. नातीला निळी टोपी घालून आम्हीही गेलो. गर्दीत मॅडसन काही दिसला नाही. आठवड्याभरात आम्ही इंदूरला, दिवाळीला वेळेवर.

डिसेंबरात जावईबापूंचा फोन आला. "बाबा, तुमच्या माणसाला ओकलंडने तीन वर्षांचे २ कोटी २० लाख दिले." रॉयल्सनी त्याला ठेवलं नाही, त्यांना तेवढं परवडणारं नव्हतं. त्यांनी परत स्वस्तातली माणसं शोधायला घेतली असणार. जावईबापूंच्या सहा महिन्यांचे अकरा झाले, मग तेही काम संपलं. पण तिथे बरोबर काम केलेल्या एका बाईने त्यांना दुसरीकडे कायम जागेवर नेलं. आज ते तिथेच आहेत. घर टिकलं.

आमच्या मिलच्या गेटवर माझ्याबरोबर उभे राहणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना मिल बंद पडल्यावर असा फोन कधी आला नाही. हात त्यांचेही शाबूत होते. मी त्यांच्यापेक्षा हुशार होतो असं मुळीच नाही. त्या मालकाला त्या आठवड्यात माणूस हवा होता आणि माझं नाव कोणीतरी त्याच्या कानावर घातलं, एवढंच. ते नाव कोणी घातलं हे मला आजतागायत कळलेलं नाही. म्हणून कुणी काम शोधतोय असं कानावर आलं की मी दोन-चार फोन करतो. सवयच लागली आहे.

तुमच्या घरात, मिल एरियात, परदेशीपुऱ्यात किंवा उज्जैन-ग्वाल्हेरच्या मिलमध्ये कोणी बदलीवर होतं का? त्यांचं लिहा. वाचायला मी आहे.