सावलीला होस्टाच हवा, हे मत मी सोडले

अंगणातल्या आंब्याखालच्या सावलीला पानांसाठी लावले जाणारे होस्टाचे झाडच शोभेल, असे माझे कित्येक वर्षे ठाम मत होते. अमेरिकेच्या होस्टा उत्पादक संघटनेने २००८ सालचा मानाचा होस्टा म्हणून निवडलेला ‘ब्लू माउस इअर्स’ हा जेमतेम वीतभर उंचीचा, निळसर जाड पानांचा वाण मला फार आवडतो. आजही आवडतो. पण तो बिदर जिल्ह्यातल्या आमच्या भालकीत हवा, हा आग्रह आता उरलेला नाही.

होस्टा मूळचा चीन, जपान, कोरियाचा. हिवाळ्यात काही आठवडे कडाक्याची थंडी मिळाली, तरच तो पुढे जोमाने फुटतो. बिदरचे पठार दोन हजार फुटांहून उंच आहे, तरी इथला गारवा त्याला पुरत नाही. कलबुर्गीत तर उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो.

माझे मत फिरवले ते भुईचाफ्याने. तोही वर्षातले काही महिने जमिनीखाली विसावा घेतो, पण त्याला त्यासाठी थंडी लागत नाही, कोरडे दिवस पुरतात. उन्हाळ्यात पान नसताना मातीतून थेट सुगंधी, पांढरी-जांभळी फुले येतात. पावसाबरोबर वरून नक्षीदार, खालून जांभळट पाने पसरतात आणि पावसाळा सरल्यावर सुकून जातात. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या उष्ण राज्यांत होस्टा टिकत नाही, तिथे बागवान भुईचाफ्याचेच भाईबंद लावतात आणि त्यांना ‘दक्षिणेचा होस्टा’ म्हणतात. हे कळल्यावर माझा आग्रह संपला.

बिदर-हुमनाबादच्या तांबड्या मातीत पाणी झिरपून जाते, तिथे कंद निर्धास्त लावावेत. आळंदकडच्या काळ्या मातीत ते कुजतात. म्हणून वाळू आणि पालापाचोळ्याचे खत मिसळून वाफा उंच करावा. पाने सुकली की पाणी बंद करावे. जिथे ओल कायम राहते, तिथे ब्राह्मी पसरू द्यावी. ती जमीन झाकते आणि तिची चटणीही होते. आडाच्या आतल्या बाजूला उगवलेला हंसराज हा नेचाही उपटू नये, तोही सावलीचाच.

आपल्या सावलीला आपल्या ऋतूंशी जुळणारी झाडे हवीत. यंदा मृगाच्या आधी शेजारपाजारी विचारा, भुईचाफ्याचा एखादा कंद मागून आणा आणि लावा.