काळीचा पारा

परभणीला पहिल्यांदाच येत असाल, तर आधी हिची ओळख करून घ्या. इकडे हिला नुसतं ‘काळी’ म्हणतात. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे कोणीतरी ऐकवेलच. पण परभणीत कोण, असं विचारलंत तर पायाखालच्या मातीकडे बघा.

मिजास मोठी. पाणी मिळालं की फुगते, सुकली की आकसते. मे महिन्यात अशी तडकते की भेगेत घातलेली काठी निम्मी आत जाते.

अंगात ओल आहे तोवर स्वभाव गोड. ऊन येतं, ओलीची वाफ करण्यातच दमतं. हवा दमट राहते, ढगही खालीच धरतात. ओल सरली की मात्र सगळं ऊन तिच्या डोक्यात जातं. पारा बेचाळिसाच्या पुढे. रानात वावटळी नाचतात, तापलेली हवा उसळते आणि दुपारून ढग जमतात, पण फार वर. सर सुटलेली डोळ्यांना दिसते, मात्र खालच्या कोरड्या हवेत निम्म्या वाटेतच विरते. त्या विरण्यानं गार झालेली हवा धाडकन खाली आदळते. आपल्या वाट्याला चार थेंब, डोळ्यात धूळ आणि शेजाऱ्याच्या गोठ्याचा पत्रा.

वळवाचं सगळं श्रेय मात्र तिला देऊ नका, ती घेईल! बाष्पाचा मुख्य माल समुद्राकडून येतो. ही चूल पेटवते.

शेजार तर हिला मुळीच सोसत नाही. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर ऊस डोलतो, पलीकडचं जिरायत भाजून निघतं. असे ओले-कोरडे पट्टे कित्येक कोस पसरले, की गार बाजूची हवा तापल्या बाजूकडे सरकते आणि तिथली हवा वर रेटली जाते. एका बांधाच्या भांडणानं हे होत नाही. संशोधक ख्रिस टेलर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली जगभरच्या उपग्रह-नोंदी तपासल्या. दुपारचा पाऊस भोवतालापेक्षा कोरड्या जमिनीवरच जास्त वेळा सुरू झालेला दिसला. रुसणारीलाच आधी विचारतात, हे घराघरांत ठाऊक होतंच म्हणा.

एखाद्या रात्री वळीव खरोखर झोडपतो. भेगा घटाघटा पितात. सकाळी वास असा सुटतो की वाटावं, झालं, आता पेरा. जुना शेतकरी बोटानं माती उकरतो. वर दोन बोटं ओल, खाली फुफाटा. तो हात झटकतो आणि विचारतो, “मृगाला किती दिवस राहिले?”