तटबंदीतला पिंपळ आणि पायथ्याचे तृण

नळदुर्गाच्या तटबंदीत, काळ्या पाषाणांच्या सांध्यांत रुजून मूठभर मातीवर वर्षानुवर्षे निर्वाह करणारे पिंपळ आणि उंबर पाहताना ज्याच्या मनात कौतुकाऐवजी केवळ भिंतीची चिंता उभी राहते, तो मनुष्य बांधकाम खात्याचा मुकादम होण्यासाठीच जन्मला असावा. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या अमदानीत, 1613 मध्ये, बोरी नदीला बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल वसविणाऱ्या कारागिरांनी पाण्याचा बंदोबस्त चोख केला. पाखरांच्या विष्ठेतून येणाऱ्या बीजाचा मात्र कुणालाच करता आला नाही. असे पिंपळ आपोआप उगवणाऱ्या या धाराशिव जिल्ह्यात वामनवृक्षांसाठी, म्हणजे बोन्सायसाठी, गुरू कशाला हवा, असे कुणी विचारले, तर ते अगदीच गैरवाजवी ठरणार नाही. कारण बालाघाटाच्या माथ्यावर मुरमाड जमीन, हुलकावणी देणारा पाऊस आणि कोवळा शेंडा दिसताच तो खुडणाऱ्या शेळ्या, या तिघांनी बोरी-बाभळींच्या छाटणीचा कारभार कोणत्याही सनदेवाचून पिढ्यान्‌पिढ्या चालविला आहे.

तरीही गुरू लागतो. फेब्रुवारी 2018 मध्ये पुण्यात प्राजक्ता काळे यांच्या पुढाकाराने ‘बोन्साय नमस्ते’ हे प्रदर्शन भरले, तेव्हा देशोदेशींचे कलावंत तेथे आले होते. अशा कलावंतांकडून शिकायचे ते काय? फांदीच्या जाडीच्या सुमारे तृतीयांश तार तिरकी गुंडाळावी आणि ती सालीत रुतण्यापूर्वी सोडवावी, इतके तर पुस्तकांतही सापडते; परंतु कात्री उचलण्यापूर्वी झाडाभोवती सावकाश फिरून त्याचे तोंड कोणते आणि पाठ कोणती हे ठरविणारी दृष्टी कागदावरून उतरत नाही, ती जाणत्याच्या शेजारी उभे राहूनच घ्यावी लागते.

मला स्वतःला या विद्येतील सर्वांत मोलाचे अंग झाडाचे नव्हे, तर त्याच्या शेजारी मांडल्या जाणाऱ्या तृणाचे वाटते. जपानी कलावंत वृक्षाजवळ लहानशा पात्रात एखादे रानगवत ठेवतात. वृक्षाने वय सांगावे आणि गवताने ऋतू, अशी ती विभागणी. त्यांच्या भाषेत त्याला शिताकुसा म्हणतात; तेच स्वतंत्रपणे मांडले की कुसामोनो. आम्ही ज्याला खुरप्याने हद्दपार करतो, त्या तणाला दरबारात मानाची बैठक देणारी ही रीत आम्हा शेतकऱ्यांच्या वंशजांना प्रथम चमत्कारिक वाटावी, हे स्वाभाविकच. पण विचार करावा तो आपल्या मुलखापुरता. जुनिपर आणि काळा पाइन येथील वैशाखात तग धरणार नाहीत, त्यांचा हट्ट सोडावा. वड, पिंपळ, चिंच घ्यावी, आणि त्यांच्या कुंड्या माघात नव्हे, तर मृगाचा पाऊस पडल्यावर बदलाव्यात. पात्र संत गोरोबाकाका कुंभारांच्या तेरच्या मातीचे, उथळ, बिनझिलईचे आणि तळाला भोक असलेले असावे. शेजारी हरळी शोभेल. कुसळी त्याहून अधिक, कारण पाऊस सरल्यावर तिला चढणारा तांबूस रंग या माळांखेरीज दुसऱ्या कुणाचा नव्हे. ती कुठल्या उतारावर लवकर निसवते, हे मात्र बाहेरून येणाऱ्या जाणत्या कलावंतालाही येडशीकडच्या शेळ्या वळणाऱ्यालाच विचारावे लागेल.