चूल न पाहिलेले लाडू

वाशीमला नाझरीन मिशनचे रेनॉल्ड्स मेमोरियल इस्पितळ १९३८ साली उघडले. तिथल्या एक नर्सबाई आमच्या शेजारी राहत. दिवाळीत आमचा फराळ त्यांच्याकडे जाई. नाताळात त्यांच्याकडून करंज्या, अनारसे, चकल्या येत. फराळ तोच, सण निराळा! आजी मात्र ते ताट मुकाट्याने मोलकरणीच्या हवाली करी, आणि शेजारी भेटल्या की आईला कानकोंडे होई.

१९६४ च्या नाताळात बाईंनी आम्हां पोरांनाच अंगणात बसवले. आम्ही खजुराच्या बिया काढल्या, खोबरे किसले, बेदाणे चिरले. (बेदाणे निम्मेच उरले, ते असो.) सारे खलबत्त्यात कुटून लाडू वळले आणि किसात घोळवले. ताट मीच घरी आणले.

"पाणी लागलंय का गं याला?" आजीने विचारले.

"नाही. दूधसुद्धा नाही. चुलीवर चढलेच नाहीत."

"मग हे फळच की!" म्हणत तिने एक तोंडात टाकला. आईने लगबगीने ताटात साखर घालून ते परत पाठवले.

पुढच्या वर्षी खजुराच्या बिया काढायला आजी आमच्यात येऊन बसली. करंजीला मात्र तिने अखेरपर्यंत हात लावला नाही.